मिनूचं पहिलं विमान आणि दीड किलो कापूस

आमच्या घरी कुठलीही गोष्ट एकदाच घडत नाही. एकदा घडते, आणि मग पाहुणे आले की दर वेळी पुन्हा घडते, थोडी वाढून! मिनूच्या विमानप्रवासाचं तसंच झालं आहे. दोन वर्षं होत आली, पण राळेगावला आमच्याकडे चार माणसं जमली की कोणीतरी सुरू करतंच. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे वाद झाला की सगळे माझ्याकडे वळतात. "हिले विचारा, हे होती सोबत." मग मी मान हलवते, किंवा हलवत नाही. आज सगळं नीट लिहूनच काढते.

मिनू म्हणजे माझी भाची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई आमच्याकडे आली होती. भाऊजी बारशाला आले, ते तेवढेच. नंतर त्यांना बंगळुरूला नवी नोकरी लागली, रजा मिळेना, घर मिळेना, आणि बघता बघता मिनू सात महिन्यांची झाली. तिला आमच्या बाबांशिवाय दुसरा पुरुष चालत नसे. दूधवाला दिसला तरी भोकाड! व्हिडिओ कॉलवर भाऊजी "मिनू, ए मिनू" करायचे आणि ही आईच्या पदरात तोंड खुपसायची. भाऊजी हसायचे. ताईही हसायची. पण एकदा भाकरी थापताना ती मला हळूच म्हणाली, "सोनू, ते तिथं हात पुढं करतीन आन् हे किंचाळली तं? त्यायले कसं वाटन व?"

भाऊजींना न्यायला येता येत नव्हतं, म्हणून ताईसोबत मला पाठवायचं ठरलं. माझी नववीची परीक्षा संपली होती. विमानात आमच्यापैकी आधी कोणीच बसलेलं नव्हतं.

*

आईने सामान काढलं. झोळीचा लोखंडी स्टँड, आंघोळीचा निळा टब, नऊ गोधड्या, दुपट्यांचा गठ्ठा, आणि पायावर घेऊन न्हाऊ घालताना बसायचा लाकडी पाट.

ताई म्हणाली, "आई, तिथं सगळं भेटते."

"तुह्या बंगलोरात पाट भेटते?"

बंगळुरूत पाट मिळतो का, हे ताईलाही माहीत नव्हतं.

एका तिकिटावर पंधरा किलो सामान चालणार होतं. आमचे बाबा एसटीत कंडक्टर. तेवीस वर्षं लोकांचं सामान उचलून त्यांनी टपावर चढवलेलं. त्यांनी मोठी बॅग एका हाताने उचलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "साडेसोळा."

ताईचा विश्वास बसेना. शेजारच्या किराणा दुकानातून काटा आणला. सोळा किलो पाचशे!

मग आम्हाला खेळच मिळाला. टब, गोधड्या, पाट, बाबा उचलणार आणि काटा मान्य करणार. शेवटी ताईने मिनूलाच त्यांच्या हातात दिलं. बाबांनी डोळे मिटले.

"सव्वासात. आताच दूध प्याली, नाही तं सातच."

*

विमानात बाळांचे कान दुखतात, ही बातमी गल्लीत कशी पसरली कोण जाणे. आधी समोरच्या काकू आल्या. "कानात कापूस घालजो व माय," म्हणत त्यांनी पदरातून कापसाचा बोळा काढला. घरच्या वावरातला, सरकी काढून साफ केलेला. त्या जातात न जातात तोच मागच्या घरची आजी आली. तिच्याही हातात कापूस. "तिचा नोको घेऊ, त्याच्यात कचरा असते."

त्या वर्षी भाव वाढेल म्हणून मे महिन्यापर्यंत घराघरात कापूस पडून होता. संध्याकाळपर्यंत सात घरांचा कापूस आला. नाही म्हणायची सोय नव्हती, प्रत्येक जण मिनूचे कान बघून जायचा. एवढ्या-एवढ्याशा कानांना असा किती कापूस लागणार!

बाबांनी ढीग दोन हातांत धरला. "दीड किलो."

आईने त्याची उशी शिवली आणि दुपटी काढून-काढून पंधरावर आणलेल्या बॅगेत घातली. बॅग पुन्हा साडेसोळा!

*

निघायच्या दिवशी बाबांनी मला बाजूला घेतलं. खिशातून आपला घडी घातलेला रुमाल काढला. "आत गेल्याबरोबर शीटवर टाक. ताईच्या हातात पोरगी राहीन. तुलेच पकडा लागन."

"बाबा, तिथं नंबर असतो," ताई म्हणाली.

"नंबर एसटीतई असते," बाबा म्हणाले.

मी रुमाल घेतला.

*

वडकीहून हायवे धरून आम्ही नागपूरला पोचलो. विमानतळाच्या दारापाशी कळलं, तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत. आईला वाटलं होतं, ती विमानापर्यंत येईल, मिनूला बसवून देईल, खिडकीतून दोन शब्द बोलेल. एसटीला तसंच तर करतो आपण.

ट्रॉलीवर सगळ्यांच्या चाकाच्या बॅगा. आमच्या ट्रॉलीवर निळा टब, त्यात पाट, त्यावर गोधड्या आणि सगळ्याला आईच्या जुन्या लुगड्याची गाठ. मला आधी लाज वाटली. मग आई काचेच्या पलीकडे लहान-लहान दिसायला लागली, आणि लाज वाटायची राहून गेली.

आई पदराने डोळे पुसत होती. ताई इकडे रडायच्या बेतात. पायच उचलेनात कोणाचे. तेव्हा बाबा पुढे आले आणि बोटाच्या पेराने त्यांनी काचेवर ठोकलं, टक्-टक्. डबल बेल!

आम्ही दोघी निघालो. तेवीस वर्षं त्या दोन टोल्यांवर गाड्या निघाल्या होत्या, आम्ही कसल्या थांबतो!

*

सामान तपासणीत आमची एक पिशवी बाजूला काढली. खाकी साडीतल्या... नाही, खाकी पँट-शर्टातल्या बाई होत्या. (आई सांगते तेव्हा साडीच सांगते. ती तिथे नव्हतीच!) बाईंनी लंगोटांच्या घडीतून एक गोल वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली.

शेणाची गोवरी.

बाळाला न्हाऊ घातलं की गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची, ही आईची रोजची पद्धत. पेटणारं काही न्यायचं नाही, हे ताईने तिला चारदा वाचून दाखवलं होतं. आईचं उत्तर ठरलेलं होतं, "मी पेटवून थोडीच देऊन राह्यली!"

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. ताईच्या हातात रडणारी मिनू. म्हणजे मलाच बोलायचं होतं. मागे मोठी रांग. माझ्या तोंडून कसाबसा एकच शब्द निघाला, "धुरी."

बाईंनी गोवरी उचलली. नाकाजवळ नेली. थोडा वेळ तशीच धरली.

"माह्या आईनंई दिली होती," त्या म्हणाल्या. "नेता नाही येत पण."

त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली नाही. टेबलाच्या कोपऱ्यात, आपल्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली. मी दोनदा मागे वळून पाहिलं. तिथेच होती.

*

विमानात आमच्या दोन सीट, तिसरी कडेची कोणाची तरी. मिनूला सीट नव्हती, ती ताईच्या मांडीवर. मी इकडे-तिकडे पाहिलं. कोणी बघत नाही असं वाटल्यावर रुमाल त्या तिसऱ्या सीटवर टाकला. बाबांनी सांगितलं होतं म्हणून.

माणसं येत होती, रुमालाकडे बघत होती, पुढे जात होती. शेवटी दार बंद झालं. तिसऱ्या सीटवर कोणीच आलं नाही!

वर गेल्यावर मिनूचं सगळं दुकान आम्ही त्या सीटवर मांडलं. दुधाची बाटली, खुळखुळा, तीन दुपटी. नंतर ताईने फोनवर सांगितलं, "बाबा, तुमच्या रुमालानं काम केलं."

"मंग!" बाबा म्हणाले. एवढंच.

*

कानाचं म्हणाल, तर विमान उडताना मिनू दूध पीत झोपून गेली. पलीकडच्या रांगेतला एक उंचापुरा माणूस मात्र दोन्ही कान दाबून बसला होता. ताईने मला खूण केली. पर्समध्ये समोरच्या काकूंचा बोळा होता. मी न बोलता हात पुढे केला. त्याने न बोलता घेतला. आमच्या गल्लीचा कापूस शेवटी एका कानाला उपयोगी पडला!

मिनू जागी झाल्यावर ताईने फोनवर भाऊजींचा फोटो उघडला. "मिनू, हे पाह्य कोण? बाबा! तुहे बाबा!" दहा वेळा, वीस वेळा. मिनूने फोटो नीट पाहिला आणि चाटला. मग तोंड फिरवलं.

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. खाली ढग होते. पहिल्यांदाच विमानात बसलेलं माणूस ढगांकडे ज्या डोळ्यांनी बघतं, ते डोळे तिचे नव्हते.

*

बंगळुरूला बाहेर आलो. भाऊजी समोरच. बारीक झाले होते, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात नवीकोरी बाबागाडी, कागदाचं लेबलसुद्धा तसंच. त्यांनी गाडी सोडली, हात पुढे केले. "मिनू..."

मिनू किंचाळली. अशी, की चार माणसं थांबली.

भाऊजींनी हात लगेच मागे घेतले. "असू दे, असू दे. दमली असंल," म्हणाले. ताईने खाली पाहिलं. टॅक्सीपाशी आलो. बसणारच होतो, पण बाबागाडी डिकीत जाईना. टबानेच अर्धी भरली होती. गाडी मिटवायला हवी होती.

"उघडायची शिकून आलो," भाऊजी म्हणाले, "बंद करायची राहिली."

त्यांनी एक खटका दाबला. चाक वळलं. दुसरा ओढला. छत्री खाली आली. तिसरा दाबला आणि त्यांचं बोट अडकलं. "आई गंऽऽ!"

मिनू रडायची थांबली.

भाऊजींनी पुन्हा ओढलं. पुन्हा बोट. "आई गंऽऽ!"

मिनू हसली! आधी नुसती, मग खिदळून. ताईने माझा दंड घट्ट धरला. भाऊजींनी एकदा मिनूकडे पाहिलं, आणि यावेळी बोट कुठेही अडकलेलं नसताना ओरडले, "आई गंऽऽ!"

मिनूने ताईच्या कडेवरून अंग पुढे झोकून दिलं, दोन्ही हात पसरून. भाऊजींनी तिला कसंबसं झेललं. श्वास रोखून उभे राहिले, कोणी हलवू नये असे.

इतक्यात टॅक्सीवाला वैतागून खाली उतरला. "सर, हटो. मैं करता." त्याने एक लाथ मारली, एक खटका ओढला. खट्! गाडी मिटली.

मिनूने मिटलेल्या गाडीकडे पाहिलं. भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं. खालचा ओठ हळूहळू बाहेर यायला लागला. ताईने हात पुढे केले.

"रुको मॅडम, रुको!" टॅक्सीवाला ओरडला, आणि त्याने घाईघाईने ती गाडी पुन्हा उघडली.