मालिसच्या तोंडचे शब्द

अमेरिकेतल्या लोवेल गावात कंबोडियन लोकांची जेवढी म्हणून घरं आहेत, त्या प्रत्येक घरात एके काळी कुंथिया ढसाढसा रडलेली आहे. स्वतःसाठी नव्हे. हाँगकाँगच्या मालिका आमच्या ख्मेर भाषेत करून घ्यायचे ते दिवस होते. व्हिडिओच्या दुकानामागे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या एका खोलीत बसून बायकांचे सगळे आवाज ही एकटी काढायची. सासू तीच, सून तीच, राजवाड्यातली दासी तीच आणि विहिरीतली हडळही तीच. दिवसभर कारखान्यात तारा जोडायच्या आणि संध्याकाळी महाराण्यांना बोलतं करायचं. घरोघरी बायका भात ढवळता ढवळता डोळे पुसायच्या.

आवाज गावाच्या ओळखीचा, पण चेहरा कुणाच्याच ओळखीचा नाही. बाजारात तिने कोळणीकडे मासा मागितला की चार माणसं माना वळवून बघत, आणि समोर एक किडकिडीत, नकटी बाई पाहून हिरमुसली होत. तिची शेजारीण पेऊ हे सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगायची. "आमचे हे आधी हिच्या आवाजावर लट्टू झाले होते. दुकानात जाऊन हिचं तोंड बघितलं आणि गुमान माझ्याकडे आले!" कुंथिया हसायची. पेऊचा नवरा वारला, दुकान बंद पडलं, मालिका सगळ्यांच्या फोनमध्ये आल्या, तरी पेऊचा हा विनोद काही जुना झाला नाही.

एवढ्या बायकांना बोलतं केलं, पण एक आवाज तिने कुणालाच दिला नाही. तो होता तिच्या धाकट्या बहिणीचा, मालिसचा. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी वर जाणारा, सदा तक्रारीच्या सुरातला. एकदा एका खट्याळ राजकन्येला तो चपखल बसला असता. तो काढायचा म्हणून कुंथियाने तोंड उघडलं आणि ऐन वेळी दुसराच काढला.

मालिस कुठे आहे, ते कुणालाच ठाऊक नाही. लढाई जिंकलेल्या बंडखोरांनी नॉम पेन शहर रिकामं करायला लावलं, त्या सकाळी ती नदीपलीकडे मामाकडे गेली होती. कुंथिया पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. माणसांचा लोंढा अंगावर येत होता, तरी हलली नाही. शेवटी काळ्या कपड्यातल्या एका सैनिक पोराने बंदुकीच्या दस्त्याने तिला पुढे ढकललं. पुढची वर्षं कशी गेली ते या गावात कुणी कुणाला विचारत नाही, कारण सगळ्यांची सारखीच गेली. पुढे निर्वासितांच्या छावणीत येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती मालिसबद्दल विचारायची. लोवेलला आल्यावर जे घर भाड्याने घेतलं ते तिने कधी सोडलं नाही, की फोनचा नंबरही बदलला नाही. जिने चढताना गुडघे बोंबलायला लागले तरी नाही.

यावरूनच तिचं आणि पेऊचं दरवर्षी वाजायचं. भादव्यात पितरांचा पंधरवडा लागला की पहाटे उठून विहारात जायचं, भिक्खू मेलेल्यांची नावं पुकारतात, आणि अंधारातच विहाराभोवती भाताचे पिंड ठेवायचे. ज्यांचं नाव कुणी घेत नाही ते जीव सात विहार हिंडतात आणि उपाशी परत जातात, असं आमच्यात मानतात. कुंथिया आईबापांची नावं द्यायची, नवऱ्याचं द्यायची, आणि तिथेच थांबायची.

"अजून एक दे की," पेऊ कुजबुजायची.

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणून मलाच विचार!"

"जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत घालू? तुझ्या जिभेला काही हाड?"

एका वर्षी मात्र पेऊच्या तोंडून ते निघून गेलं. विहाराच्या पायऱ्यांवर, हातात पिंडांची परात घेऊन ती म्हणाली, "आणि ती गेलेली असली तर गं? म्हणजे इतकी वर्षं तू तिला उपाशी ठेवलंयस."

कुंथिया दोन महिने तिच्याशी बोलली नाही. पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं ते बसलंच. नाव द्यावं तर आपल्याच तोंडाने बहिणीला मारल्यासारखं, न द्यावं तर ती बिचारी दारोदार भुकेली. म्हातारीला धड जेवणही जाईनासं झालं.

अशातच दारारिथ आला. हा इथेच जन्मलेला, नदीकाठच्या जुन्या गिरणीत दरवर्षी आशियाई सिनेमांचा आठवडा भरवणारा, पस्तिशीचा उत्साही बाप्या. कोरियन, जपानी, सगळे सिनेमे तो आणायचा, आणि आपल्या लोकांचा एकही नसतो म्हणून म्हाताऱ्यांच्या शिव्या खायचा. या वेळी हातात फोन नाचवतच तो जिना चढून आला.

"मावशी, पॅरिसला एकाच्या माळ्यावर डबा सापडलाय! आपला सिनेमा. लढाईच्या आधीचा. मीठ विकणाऱ्या पोरीवर राजपुत्र भाळतो ती गोष्ट. पण आवाजाची टेप गेलीय. मुका आहे सगळा."

"मग दाखव मुकाच."

"मुका दाखवला तर ही म्हातारी मंडळी मला नदीत टाकतील. तुम्ही बोला ना. पूर्वी थिएटरात समोर बसून आवाज द्यायचे तसं."

"अरे, माझे दात गेले बाबा. राजपुत्राचे शब्द फटीतून बाहेर पडतील."

दारारिथ हसला आणि त्याने एक चित्र दाखवलं. घाटावर तीन पोरी. तिसरीच्या कमरेवर टोपली, मान तिरकी. कुंथियाने फोन हातात घेतला तो परत देईना. मग तिने तो उपडा ठेवला आणि दारारिथला विचारलं, "चहा घेणार का?" तिचा आवाज ऐकून तो घाबरला.

मालिसने त्या एकाच सिनेमात काम केलं होतं, तेही नायिकेच्या मैत्रिणीचं, एकाच प्रसंगापुरतं. आईने सक्त ताकीद दिली होती, थोरली बरोबर जाईल तरच. तेव्हा कुंथिया छत्री आणि डबा घेऊन दिवसभर कॅमेऱ्याशेजारी उन्हात उभी होती.

ती हो म्हणाली. सगळा सिनेमा तिने घरी लॅपटॉपवर बसवला. कुणाचे ओठ केव्हा उघडतात, केव्हा मिटतात, ते पाहून शब्द बेतले. फक्त घाटाचा प्रसंग आला की ती झाकण खाली करायची. तो तेवढा दारारिथने फोनवर सांगितला. "मावशी, मैत्रीण सांगते आणि नायिका रडते. मला वाटतं राजपुत्राची होडी निघून गेली असणार." कुंथियाने वाक्य ठरवलं, 'होडी गेली गं. तो आता परत यायचा नाही.' आणि आवाज कुठला द्यायचा, ते तर ठरलेलंच होतं.

ऐन पितरांच्या पंधरवड्यातल्या रविवारी दुपारी गिरणीचं सभागृह भरलं. म्हाताऱ्या पिशव्यांतून केळीच्या पानातला चिकट भात घेऊन आल्या होत्या, आणि नातवंडांना 'गप बसा रे' म्हणत स्वतःच बडबडत होत्या. पेऊ पहिल्या रांगेत. कुंथिया पडद्याच्या बाजूला, छोट्या दिव्याखाली, माइकपुढे. दिवे मालवले आणि तिच्या तोंडून मीठवाली पोर बोलली, तशी सभागृहात कुणीतरी "हीच ती!" असं जोराने म्हणालं. तिने राजपुत्रही केला, त्याचा खवचट बापही केला. दातांच्या फटींनी कुठे दगा दिला नाही.

मग घाट आला.

भिंतीएवढ्या पडद्यावर मालिस उभी राहिली. नाकावरचा घाम दिसत होता. ती नायिकेकडे बघतच नव्हती, कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे बघत होती. तिथे कोण उभं होतं ते या जगात एकाच बाईला माहीत होतं.

आमच्याकडे तेव्हा सिनेमे मुकेच घेत, आवाज मागाहून भरत. त्यामुळे लहानसहान नट कॅमेऱ्यापुढे वाट्टेल ते बोलत. कुणी आकडे म्हणे, कुणी उधारीची आठवण देई. ओठ हलले म्हणजे झालं. मालिस तर नटीही नव्हती. तिला 'बोल' म्हटलं, ती बोलली. आणि उभा जन्म ओठ वाचण्यात गेलेल्या कुंथियाला एकेक शब्द स्वच्छ दिसला.

ठरवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. माइकमधून एक घोगरा, तक्रारखोर पोरीचा आवाज निघाला, जो त्या गावात कुणीही कधी ऐकलेला नव्हता.

"ताई, किती वेळ उभी राहणार आहेस गं अशी? जा ना घरी. जेवून घे. माझी वाट बघत बसू नकोस."

मागे दोन-चार जण हसले. नायिकेला कुठली आली थोरली बहीण, आणि राजपुत्र चाललाय तिथे जेवणाचं काय काढलंय? पण पहिल्या रांगेतली पेऊ हसली नाही. कुंथियाला कुणीही 'ताई' म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि तरी हा आवाज कुणाचा ते तिला कळलं. तिने तोंडावर हात दाबून धरला.

पडद्यावर नायिकेचे ओठ हलत राहिले. तिला आवाज कुणी दिलाच नाही. मग हसलेली माणसंही समजली, कारण प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी असंच राहिलेलं होतं. घाट संपला, राजवाडा आला, आणि राजपुत्राचा बाप पुन्हा खेकसू लागला. कुंथियाने सिनेमा शेवटपर्यंत नेला, फक्त अधूनमधून बाप रडवेला वाटत होता. टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा ती उठून मागच्या दाराने बाहेर पडली होती.

घरी जाऊन तिने भात टाकला. त्यावर सुका मासा, आंबट रस्सा. ताट वाढून घेतलं आणि एकटीने, रडत रडत, पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेऊ विहारात आली तर कुंथिया आधीच भिक्खूंसमोर गुडघे टेकून बसलेली. आईबापांची नावं झाली, नवऱ्याचं झालं.

"आणखी कुणी?" भिक्खूंनी विचारलं.

"मालिस," कुंथिया म्हणाली. "माझी धाकटी." मग स्वतःच्या आवाजात, ज्यात ना राणी होती ना दासी त्या आवाजात, तिने बहिणीचं पूर्ण नाव सांगितलं.

नाव पुकारलं गेलं. बाहेर गार वारा सुटला होता, आणि मेपलची पानं ओल्या गवतावर पडली होती. पेऊने परात पुढे केली. कुंथियाने त्यातला एक पिंड उचलला, वाकून झाडाच्या मुळाशी ठेवला, आणि तशीच वाकून राहिली.

"मी जेवले गं," ती म्हणाली. "आता तू जेव."