आत्या कॉलेज बघायला आली
बारावीचा निकाल लागला आणि आमच्या वटार गावातल्या घरात दोन तट पडले. एका तटात मी एकटी. दुसऱ्यात बाबा, आई, दोन्ही काका आणि केळी न्यायला येणारा टेम्पोवालासुद्धा. मला नायगावच्या बाजूला नव्याने निघालेल्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकायचा होता. बाकीच्यांचं म्हणणं, मुकाट समाजाच्या कॉलेजात जा. ते आमच्याच भागातल्या लोकांनी वर्गणी काढून उभं केलेलं. आजोबांनीही हातभार लावलेला, आणि त्याची आठवण काढल्याशिवाय घरात कॉलेजचा विषय पुढे सरकायचाच नाही.

मला त्या कॉलेजचा संशय यायचा, कारण तिथलं प्रत्येक माणूस ओळखीचं होतं. एक प्राध्यापक आईचे मावसभाऊ, ऑफिसातले क्लार्क आमच्याच आळीतले. मी वर्गात शिंकले असते तर संध्याकाळी घरी काढा तयार असता. घरच्यांना संशय नायगावच्या कॉलेजचा. बडा घर पोकळ वासा, हे बाबांनी ते न बघताच ठरवून टाकलं होतं.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. आत्या माझ्याबरोबर जाऊन दोन्ही कॉलेजं बघून येईल. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायची, वाडीतला सोनचाफा सांभाळायची. समाजाच्या कॉलेजात गेलेल्या पहिल्या काही मुलींपैकी ती एक, पण वर्ष पुरं व्हायच्या आत घरी बसलेली. "तिला झेपलं नाही," असं घरात सगळे म्हणत. तिने कशातही मत दिलं की बाबा हसायचे, "कॉलेज झेपलं नाही आणि आम्हाला शिकवते!"

अशा बाईला माझ्यासोबत धाडतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. निकाल आधीच ठरलाय, आत्या त्यावर नुसता शिक्का मारणार. मी तिच्याशी धड बोललेही नाही.

नायगावची इमारत खाडीलगत भराव घालून उभारलेली होती. काचेचं दार, आत गारवा, टाय लावलेला एक तरुण. "आंटी, ही आमची सेकंड बॅच. गर्ल्स पण खूप आहेत, एकदम सेफ." त्याने रांगेत मांडलेले कॉम्प्युटर दाखवले. सगळ्यांवर कव्हरं होती, तरी मी हरखले. आत्याने ना फी विचारली ना शिक्षक.

"बायकांचं बाथरूम कुठे आहे?" एवढंच विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टायवाला गडबडला. शिपायाला हाका, किल्ल्यांची शोधाशोध, मग कुलूप निघालं. आत्या आत गेली आणि माझा दंड धरून मलाही आत ओढलं. कोरं करकरीत कमोड, आणि त्याच्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक जसंच्या तसं. तिने नळ सोडला तर नुसती हवा आली.

"वर्षभर इथे मुली शिकतायत म्हणे," आत्या हळूच म्हणाली. "मग त्या जातात कुठे गं?"

बाहेर येताना त्या कव्हरांखाली तरी काही आहे का, असा संशय आला. नायगाव मी तिथेच मनातून काढून टाकलं आणि राग मात्र आत्याचा आला.

एसटीने आम्ही समाजाच्या कॉलेजशी उतरलो. मला वाटलं, इथे ती माहेरी आल्यासारखी शिरेल. पण ती फाटकातच थबकली. नायगावला टाकली नसेल एवढी संशयाची नजर तिने या इमारतीवर टाकली. मग ऑफिस सोडून थेट मागच्या बाजूला गेली. तिथे मुलींची रांग होती, ओली फरशी, फिनेलचा वास.

"कडी लागते का?" तिने एकीला विचारलं.

"दोन दारांना लागते. तिसरं आम्ही बाहेरून धरतो," म्हणून मुली हसल्या.

आत्या रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल.

पायरीवर बसल्यावर ती बोलली. "आमच्या वेळी इथे हे नव्हतं. मुलांची सोय होती, आमची नाही. सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचे नाही मी. उन्हाळ्यात लघवीचा त्रास सुरू झाला, ताप हटेना. सगळ्यांनी ठरवलं, हिला झेपत नाही."

"आजीला तरी सांगायचंस."

"सांगितलं ना. म्हणाली, असलं काही बापाला सांगायचं असतं का?"

घरी बाबा ओटीवर बसले होते, काका शेजारी. "काय बघून आलात?"

"संडास," आत्या म्हणाली.

बाबा मोठ्याने हसले. "कॉलेज बघायला पाठवलं होतं तुला!"

आत्या नेहमीसारखी मान खाली घालून आत निघाली. माझं डोकं फिरलं. तिने हात धरला तरी मी थांबले नाही, काकांसमोर सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "तिला झेपत होतं, बाबा." बाबा उठून वाडीत गेले आणि जेवायची वेळ झाली तरी परतले नाहीत.

प्रवेशाच्या दिवशी मात्र ते स्वतः माझ्याबरोबर आले. ऑफिसातल्या क्लार्कनी आतून हाक मारली, तिकडे लक्ष न देता ते इमारतीच्या मागे निघाले. मुलींच्या रांगेपासून लांब, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"जा," मला म्हणाले, "तिसऱ्या दाराला कडी लागते का बघून ये. लागत नसेल तर ऑफिसात जाऊन मी बोलतो."