खोडायचं बटण

टॅब घ्यायला आलेलं माणूस दुकानात आधी स्वतःचं नाव लिहून बघतं. पोरं बदाम काढतात. हरणा सिस्टरनी काचेवर एक माणूस काढला, पुढून एक, पाठीमागून एक, आणि मग त्याला जखमा करायला सुरुवात केली.

"हा कोयता," त्या म्हणाल्या आणि डाव्या खांद्यावर तिरपी रेघ ओढली. "ही काठी. काठीचा वळ दोन रेघांचा येतो, मधी फिकट. ही कुऱ्हाड, पण पातं न्हाय, मागची बाजू. हे दात."

"दात?" काउंटरमागून अमरनाथनं विचारलं.

"माणसाचे."

अमरनाथ धाराशिवातला जुना मोबाईलवाला, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा चालत नाही. त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली. दुकानात आणखी एक जोडपं होतं, ते "जरा फिरून येतो" म्हणून गेलं ते गेलंच. मी, बिभीषण, सिस्टरच्याच रुग्णालयात औषधं वाटतो. मला टॅबमधलं कळतं अशी त्यांची समजूत होती, म्हणून एसटीनं मला सोबत आणलं होतं. मला काडीचं कळत नव्हतं, पण कुणी मानानं बोलावलं की माणूस फुगतो.

रुग्णालय कुठलं ते सांगत नाही, कारण यात एक लेकरू आहे; त्याचं नावही मी बदललंय. सिस्टरबद्दल मात्र सांगतो. त्यांचा बाप मेंढरं राखायचा. लांडगा कळपात शिरला की सकाळी फाटलेली मेंढरं बाजूला घ्यायची आणि हरणानं जखमेत हळद भरायची, हे त्या सात वर्षांच्या होत्या तेव्हापासूनचं काम. बाप विचारायचा, लांडगा का कुत्रं? दातांच्या खुणा बघून सांगायचं. चुकलं तर त्याच जखमेत बोट घालून पुन्हा बघायला लावायचा. पुढं नर्सिंगला नंबर लागला तेव्हा आईनं विचारलं, तिथं काय काम असतंय? हरणा म्हणाली, "हेच. फकस्त तिथली मेंढरं बोलत्यात."

ती बोलत नाहीत हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. बाया पडतात. आमच्या भागात बाया जेवढ्या पडतात तेवढ्या जगात कुठं पडत नसतील. न्हाणीत पडतात, पायरीवरून पडतात, गाईनं ढुशी मारली म्हणून पडतात, आणि पडता पडता गळ्यावर पाच बोटं उमटवून घेतात. जखमेचा दाखला डॉक्टर लिहितात. पण आमच्याकडं डॉक्टर येतात वर्षाभराच्या बाँडवर, आणि कोर्टाचं समन्स येतं तीन वर्षांनी. मग कुठून तरी फोन येतो, "सिस्टर, ती केस आठवते का हो?" सिस्टरना आठवायचं, कारण त्यांची वही होती. माणसाच्या आकाराचा एक रबरी शिक्का त्यांनी करून घेतला होता. प्रत्येक जखमीसाठी एक पान, पानावर शिक्का, शिक्क्यावर खुणा, आणि खाली त्या माणसानं जे सांगितलं ते, त्याच्याच शब्दांत. चुकलं तर खोडायचं नाही. एकच रेघ मारायची आणि शेजारी सही. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम होता.

गेल्या उन्हाळ्यात निकिता आली. वय तेवीस. पहिल्यांदा आली तेव्हा गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि ती पडली होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा कानाची पाळी फाटून लोंबत होती. सिस्टर टाका घालत होत्या आणि कुणी काही विचारलेलं नसताना निकिता बोलायला लागली. नवरा कशानं मारतो, कवा मारतो, मारताना आधी टीव्हीचा आवाज कसा वाढवतो. सिस्टरनी शब्दाला शब्द लिहिला. दीड पान झालं.

वहीचं कुणीतरी कानावर घातलं आणि चार दिवसांनी नवरा आला. नाव उत्कर्ष. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. वॉर्डात आला, टेबलावरची वही उचलली, पानं फाडली आणि फिनेलच्या बादलीत कोंबली. सिस्टरनी बादलीत हात घातला. त्यानं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून त्या हातावर घातला, बादलीच्या काठावर. एकदा नाही, दोनदा. बोटं मोडल्याचा आवाज मला औषधाच्या खिडकीत ऐकू आला, वाळलेली काटकी मोडते तसा. फिनेलचं पांढरं पाणी लाल झालेलं मी बघितलं.

बघितलं, म्हणजे खिडकीतून. मी बाहेर गेलो नाही. मी जाळीला आतून कडी घातली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण सिस्टरना माहीत आहे, कारण कडीचाही आवाज येतो.

त्याला अटक झाली, पण महिन्याभरात तो जामिनावर सुटला. निकिता त्याच्याच घरी परत गेली, कारण चार वर्षांची लेक ज्ञानेश्वरी तिथं होती. तिनं सांगितलेलं दीड पान फिनेलमध्ये विरघळलं होतं. ते तिनं पुन्हा सांगितल्याशिवाय काही होणार नव्हतं, आणि पुढच्या खेपेला ती सांगण्याच्या स्थितीत येईल का, याचीच सिस्टरना धास्ती होती. त्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली. बॉलपेन दाबलं की कोपरापर्यंत कळ जायची. म्हणून हा टॅब. हलक्या हातानं लिहिता यावं, आणि लिहिलेलं एकाच बादलीत बुडू नये, त्याची प्रत रुग्णालयाच्या संगणकावर जावी. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांकडून तशी लेखी परवानगी काढली होती.

अमरनाथनं तीन टॅब मांडले. पहिल्याच्या पेनाला रबराचं बोंड होतं. त्यावर लिहिताना मनगट टेकलं की टेकलेल्या जागीही रेघ उमटायची. "हात उचलून धरायचा, मॅडम," तो म्हणाला. सिस्टरनी त्याला आपली बोटं दाखवली. त्यानं तो टॅब उचलून ठेवला.

दुसरा मोठा होता, झकपक. मला तोच आवडला. "कॅमेरा बघा, सिस्टर. लिहायचं कशाला, सरळ जखमेचा फोटोच काढायचा."

"बाई पाठीवरचा पदर बाजूला करंल," सिस्टर म्हणाल्या, "पण फोटो म्हटलं की उठून जाईल. आन फोटोत वळ दिसतोय. ती काय बोलली ते दिसतंय का?" शिवाय त्याच्या पेनाला चार्जिंग लागायचं, आणि आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही.

तिसरा मधला, वहीएवढा. पेन चार्जिंगशिवाय चालणारा, मनगट टेकलं तरी चालत होतं, अक्षर पेनाबरोबर पळत होतं. सिस्टरनी पिशवीतून रबरी मोजे काढून घातले आणि लिहून बघितलं. स्पिरिटचा बोळा काढून काच पुसली. काच गुळगुळीत लागते म्हणाल्या, तर अमरनाथनं कागदासारखी खरखरीत फिल्म चिकटवून दिली. सगळं जमलं. मग त्यानं हौसेनं पेनावरचं बटण दाखवलं. "हे दाबून धरा आणि फिरवा." त्यानं खांद्यावरच्या कोयत्यावरून पेन फिरवला आणि कोयता गेला. खांदा कोरा झाला.

"कुठं गेलं?"

"गेलं. कागदावर खोडलं की डाग राहतो, इथं मागमूस राहत नाही. हीच तर गंमत आहे, मॅडम."

सिस्टरनी त्या कोऱ्या खांद्यावरून बोट फिरवलं. "कोयता लागलेला माणूस असा बरा होत न्हाय, भाऊ. हे बटण बंद करता येतंय का?"

अमरनाथच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक पहिलंच असावं. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन बटण बंद केलं. "पण काचेवरच्या पट्टीत खोडरबर राहणारच, ते काढता येत नाही. ते न वापरणं तुमच्या मनावर."

सिस्टरनी तोच टॅब घेतला. पहिले आठ-दहा दिवस तोही वाया गेला म्हणायची पाळी आली, कारण त्याच्यामागचा कॅमेरा बघून बाया वहीपुढं बोलायच्या तेवढंही बोलेनात. मग सिस्टरनी दोन्ही कॅमेऱ्यांवर जखमेची चिकटपट्टी लावली. तेव्हा कुठं एकेक बाई पडायची थांबली.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात निकिता आली. उजवं मनगट सुजून काकडीएवढं झालेलं. मी खिडकीतच होतो.

"काय झालं, बाळ?"

"पडले."

सिस्टरनी टॅब उघडला, बाईचा आकार काढला आणि तिच्यापुढं ठेवला. विचारलं काहीच नाही. निकितानं तो जवळ ओढला. मग तिनं डाव्या हाताची दोन बोटं काचेवर टेकवली आणि जवळ आणली, मोबाईलवर फोटो लहान करतात तशी. आकार लहान झाला. तिनं पुन्हा केलं. आकार आणखी लहान झाला. मला वाटलं पोरीला चाळा लागला. चित्र चार बोटांएवढं राहिलं तेव्हा ती थांबली. सिस्टरच्या हातातला पेन तिनं डाव्या हातात घेतला आणि त्या चिमुकल्या आकाराच्या पोटरीवर दोन रेघा मारल्या, दंडावर एक.

सिस्टरना कळायला वेळ लागला नाही. "कशाचं?"

"उलथणं. चुलीत तापवून."

"कवापासून?"

"तुमच्या वहीत त्येचं नाव गेलं, त्याच आठवड्यात पयला. म्या बोलले की लेकीला बसतोय."

सिस्टर नंतर मला म्हणाल्या, त्या घडीला त्यांना वाटलं की उलथणं आपल्याच हातात होतं. तेव्हा मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "ती आता कुठं हाय?"

"घरी. त्येच्यापाशी."

पोलिसांची गाडी आली. त्यात दोन हवालदार, सिस्टर, आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. खिडकीची जाळी उघडून मी निघालो, एवढंच.

उत्कर्ष अंगणात बाजेवर होता. आम्हाला बघून उठला आणि खोऱ्याचा दांडा घेऊन धावला. पहिला फटका एका हवालदाराच्या खांद्यावर बसला. दुसरा उचलायच्या आत दोघांनी त्याला खाली घेतला. तोंडावर आपटला, दात ओठातून आरपार गेला, आणि त्याच्या पाठीत गुडघा रोवून त्यांनी हात मागं ओढले. आत ज्ञानेश्वरी धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागं बसली होती. रडत नव्हती. सिस्टर जमिनीवर फतकल मारून बसल्या. पोरीला ओढलं नाही. हळूहळू ती स्वतः बाहेर आली. पोटरीवर दोन, दंडावर एक. चित्रासारखं चित्र.

"मूठ उघड, माझी बाय."

मूठ उघडत नव्हती. एकेक बोट सोडवावं लागलं. तळहातावर आडवा फोड होता, पाणी भरलेला, अजून न फुटलेला. हा चित्रात नव्हता. आई दवाखान्यात गेली त्याची ही शिक्षा होती, तासाभरापूर्वीची.

मी अंगणात आलो आणि उत्कर्षच्या कानाखाली लावली. हात मागं धरलेल्या माणसाला मारायला काही शौर्य लागत नाही, हे मला कळतं. तरी लावली. दुसरी लावली. तिसरी बसल्यावर हवालदारानं मला ढकललं. उत्कर्षच्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावर आली. मला खोटं बोलवत नाही, बरं वाटलं.

कोठडीत घालण्याआधी आरोपीला तपासून घ्यावं लागतं, म्हणून त्याला आमच्याच रुग्णालयात आणलं. डॉक्टर तपासत होते, सिस्टरनी टॅबवर पुरुषाचा आकार काढला. ओठावर खूण, गुडघ्यांवर खूण. मग पेन गालापाशी थांबला.

"हितं काय झालं?"

उत्कर्षनं हवालदारांकडं बघितलं. "पडलो."

"पडून पाच बोटं येत न्हाईत," सिस्टर म्हणाल्या आणि गालावर पाच रेघा ओढल्या. कानात एक ठिपका. मग वर न बघताच विचारलं, "कुणाची?"

मी त्यांना बाजूला घेतलं. "सिस्टर, तो स्वतःच पडलो म्हणतोय. नोकरीवर येईल माझ्या. राहू द्या ना ते."

त्यांनी टॅब माझ्यापुढं धरला. पट्टीतल्या खोडरबरावर त्यांचं वाकडं बोट होतं. "हे घ्या, बिभीषणभाऊ. खोडा तुमीच. मागमूस राहत न्हाय. पर उद्या कोर्टात वकील विचारंल, ह्येचं खोटं लिवलं, मग लेकराचं खरं कशावरनं? तवा काय सांगू म्या?"

मी पेन हातात घेतला. बाकड्यावर निकिता बसली होती आणि तिच्या मांडीवर ज्ञानेश्वरी, हाताला पांढरी पट्टी. दोघी माझ्याकडंच बघत होत्या. उन्हाळ्यात मी लावलेली कडी मला आठवली. मी पेन परत दिला.

"माझी बोटं आहेत," मी म्हणालो.

सिस्टरनी माझं नाव लिहिलं, आडनावासकट. "किती मारल्या?"

"दोन."

त्या लिहायच्या थांबल्या. मी अंगणात मारत होतो तेव्हा त्या घराच्या दारात उभ्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं.

"तीन," मी म्हणालो.

त्यांनी तीन लिहिलं आणि खाली वेळ घातली, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.