वायूच्या गावची विहीर

"ती विहीर आमचा पंप सुरू होण्याआधीच, उन्हाळ्यात आटली होती. वायूशी तिचा काडीचाही संबंध नाही." आमचे शेजारी, वायू प्रकल्पाचे निवृत्त अभियंते, परवा व्याख्यानात असे म्हणाले. टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीही ती विहीर पाहिलेली नाही. मी पाहिली आहे.

कापसाचे ते पडते दिवस होते. दिवाळीनंतर यवतमाळहून वणीची एसटी धरली. पुढचा रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. उतरलो तेव्हा सदऱ्याचा मूळ रंग मलाच सांगता आला नसता. स्टँडवर सांबारवडी (कोथिंबीर भरलेली तळलेली वडी) खाल्ली. ती उत्तम होती. त्यापुढे कशाचीही स्तुती करण्याचा प्रसंग आला नाही.

गावाच्या वेशीवर फलक होता : 'कापसाने जे दिले नाही, ते वायू देईल.' मागे नळीच्या टोकावर भर दुपारी ज्योत जळत होती. कोळशाच्या थरातले पाणी उपसले की वायू सुटतो, असे शास्त्र आहे. वायू पुढे नळाने दूरच्या कारखान्यांना जाणार होता. उपसलेले खारे पाणी मात्र मोठ्या उदारपणे गावाच्या ओढ्यात सोडले होते. त्या चिखलाने माझी एक चप्पल ठेवून घेतली.

गावातल्या शेतकरी सुमनबाईंच्या वावरात (शेतात) पऱ्हाटी (कपाशी) सुकत होती. तिथल्या त्या विहिरीच्या तळाला भेगा होत्या.

"काकाजी, एकच चप्पल? आमच्या वावराले अर्धं देऊळ समजले का?" त्या म्हणाल्या.

"पाणी केव्हा गेले?"

"अखजीले (अक्षय्य तृतीयेला) होतं न! मंग दुसऱ्याच दिवशी या वायूवाल्याईचा पंप चालू झाला अन् उतरलं. पावसाळा गेला, तरी भरली नाही. आता हे वावर कशावर जगवू मी?"

"प्रकल्पाचे साहेब म्हणतात, आधीच आटली होती."

"असं म्हणून राह्यले? मंग अखजीले आमच्या घरी पितर कोन बसलं होतं, ते इचारा त्याईले!"

अखजीला नव्या घागरीत विहिरीचे ताजे पाणी भरतात आणि घरच्या मृत वडीलधाऱ्याच्या जागी एका पाहुण्याला पाटावर बसवून जेवू घालतात. तो त्या दिवसाचा पितर. पाहुण्याचे नाव ऐकले आणि मी अनवाणी पायानेही ताठ परतलो.

पुढे वायू पुरेसा निघाला नाही. ज्योत विझली, फलक गंजला, प्रकल्पाची मंडळी गेली. विहीर अजून कोरडी आहे आणि व्याख्याने चालू आहेत. माझे म्हणणे एवढेच : पंप सुरू होण्यापूर्वीच्या त्या अखजीला, सुमनबाईंच्या सासऱ्यांच्या पाटावर बसून त्याच विहिरीचे दोन तांबे पाणी आमचे हे शेजारी स्वतः प्यायले होते.