लागलं की सरलं?

मुलाचं वय सगळेच विचारतात. काकू त्यावर आणखी एक प्रश्न विचारायच्या: "सतरावं लागलं, की सरलं?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये, व्हिडिओ गेम विकणाऱ्या एका दुकानाच्या काउंटरवर. समोर साठीच्या बाई. अंगात कंपनीचा काळा टी-शर्ट, मंगळसूत्र आत खोचलेलं, चष्मा दोरीला अडकवलेला. मूळच्या नागपूरच्या. काका गेल्यावर मुलाकडे कायमच्या राहायला आल्या आणि दिवसभर भिंतींशी बोलून कंटाळल्यावर पायी जाता येईल अशी ही नोकरी त्यांनी धरली. सारखं ओळखपत्र मागतात म्हणून गावातली पोरं त्यांना 'आयडी आंटी' म्हणायची. आम्हा मराठी लोकांच्या त्या नुसत्या काकू.

हिंसक गेमच्या डब्यावर कोपऱ्यात M छापलेला असतो. म्हणजे सतरा पूर्ण झालेल्यांसाठी. आता आपल्याकडे सोळा संपले की सतरावं लागतं, आणि बाप काउंटरवर खुशाल 'सेव्हन्टीन' सांगून मोकळा होतो. दुकानातली बाकीची मंडळी मान डोलावून डबा देऊन टाकत. काकूंना मात्र ही मेख ठाऊक होती. कारण त्याही आपल्यातल्याच.

आमच्या शेजारचा देशपांडे एकदा बायको-पोराला घेऊन आला आणि M बघून म्हणाला, "मीडियम नको हो, याला हार्ड द्या. रोज खेळतो हा." काकूंनी चष्मा चढवला. "M म्हणजे मारामारी, भाऊ," त्या म्हणाल्या. मग डबा उलटा करून मागचा बारीक मजकूर त्यांनी मराठीत वाचून दाखवला. हे त्या प्रत्येक मराठी आईबापाला करायच्या, सत्यनारायणाची पोथी वाचावी तशा खणखणीत आवाजात. "रक्त. चिरफाड. घाण शिव्या." इंग्रजीत तेच शब्द आपण रोज वाचतो आणि काही वाटत नाही. मराठीत ऐकल्यावर देशपांड्याची बायको पोराला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.

"आईबापानं घ्यायला मनाई नाही," काकू म्हणायच्या, "पण लहान पोराला आम्ही नाही विकत. कायदा आहे." कायदा आहे, हे त्यांचं पालुपद. हात वर करून आडदांड पोरांनाही तेच सांगायच्या, "नो. इट इज लॉ." आणि पोरं खरंच मागे फिरायची.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्या गोळाभात घेऊन यायच्या. तिथे एकदा मी सहज विचारलं, पाय दुखत नाहीत का उभं राहून? म्हणाल्या, "दुखतात ना. पण घरात माझ्या 'नाही'ला कोणी विचारत नाही, भाऊ. नातूसुद्धा हेडफोन लावून बसते. इथे मी नाही म्हटलं की डबा परत कपाटात जाते." मी हसलो आणि आणखी भात वाढून घेतला.

मग माझी पाळी आली. माझ्या निहारचा सोळावा वाढदिवस झाला होता. त्याला घेऊन मी दुकानात गेलो. काकूंनी वय विचारलं आणि माझ्याही तोंडून 'सेव्हन्टीन' निघून गेलं. खरं तर बाप बरोबर असताना वय सांगायची गरजसुद्धा नव्हती. सवय, दुसरं काय!

"लागलं, की सरलं?"

"लागलं," मी म्हणालो.

"पोरासमोर तरी खरं सांगत जा, भाऊ," काकू म्हणाल्या आणि डबा उलटा करून वाचायला लागल्या. मागे रांग होती. कोणीतरी मराठी समजणारं फिसकन हसलं. निहार लाल झाला. "बाबा, लेट्स जस्ट गो." आम्ही काही न घेता निघालो.

गाडीत निहार म्हणाला, "बट देअर इज नो लॉ, बाबा. शी इज मेकिंग इट अप." मी फोनवर शोधलं. पोरगं बरोबर होतं. कॅलिफोर्नियानं असा कायदा केला होता, पण तो लागू होण्याआधीच कोर्टात अडकला आणि शेवटी सुप्रीम कोर्टानं रद्द केला. उरला होता तो दुकानांनी आपणहून पाळलेला नियम. मी पडलो पुणेकर. चूक दिसली की लेखी कळवल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही. तिथेच पार्किंग लॉटमध्ये मी कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार केली. नाव दिलं नाही. दोन ओळी होत्या. पाठवलं आणि गाडी सुरू केली.

महिन्या-दीड महिन्यानं काकू मला इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडताना भेटल्या. अंगात काळा टी-शर्ट नव्हता. "सुट्टी का आज?" मी विचारलं.

"आता सुट्टीच. कोणीतरी तक्रार केली. मॅनेजर म्हणे, कायदा नका म्हणू, पॉलिसी म्हणा. पॉलिसी म्हटलं की पोरं हसतात हो. माझ्या तोंडून कायदाच निघे. मग आठवड्याचे तास कमी केले, मग बोलावलंच नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात. खरंच नाही का कायदा?"

"केला होता, काकू. कोर्टानं रद्द केला."

"अरे बाप्पा! मग मी इतके दिवस कोणाच्या जोरावर नाही म्हणून राहिली होती?"

त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. मॅनेजरकडून मागून घेतला होता. माझ्याच दोन ओळी. "बाकी समजलं मला. हा एक शब्द सांगा." बोट 'मिसरिप्रेझेंट्स'वर होतं. "मुलाला विचारलं तर म्हणते, सोड ना आई. खोटारडी म्हटलं का हो मला? खोटं नाही बोलली मी कधी. मला खरंच वाटत होतं, आहे म्हणून."

मी तो शब्द वाचला. खोटं सांगते, असाच त्याचा अर्थ, आणि लिहिताना मला नेमकं तेच म्हणायचं होतं.

"नाही, काकू. समजण्यात चूक झाली, एवढंच म्हटलंय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. रोज रात्री डोक्यात तेच घोळे." कागद नीट घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला. "लिहिणारा माणूस सज्जन असला पाहिजे. रागात होता, तरी खोटारडी नाही म्हटलं त्यानं." मग कोथिंबिरीची एक चांगली जुडी निवडून त्यांनी माझ्या टोपलीत टाकली.

पुढच्याच महिन्यात त्या नागपूरला परत गेल्या. दोन वर्षांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्या जाण्याची बातमी आली. सगळ्यांनी लिहिलं तसं मीही 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. भाव वगैरे काही नव्हता. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही.

निहार शेजारी होता. त्यानं विचारलं, "हू डाइड, बाबा?"

मी म्हणालो, "कोणी नाही रे. ओळखीचं कोणी नाही."