माळ्यावरची ट्रंक

फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या बाजारपेठेत, शेठच्या भांड्यांच्या दुकानात बसले होते. लेकीचं, सोनालीचं लग्न ठरलेलं. हंडा, कळशी, परात घेऊन झाली होती आणि त्यांच्यावर नावं घालायचं काम चाललं होतं. एक पितळी तांब्या आणि त्याचं फुलपात्र मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. त्याच्यावर घालायचं होतं, 'सोनालीस, आत्याकडून'. आत्या म्हणजे माझी थोरली नणंद, आमची आक्का. तिला विचारायची सोय नव्हती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या नावाचं भांडं पोरीच्या संसारात नको, असं तिनं मला दोनदा बजावलं होतं. म्हणून मी न सांगता उरकून घेत होते. मशीन टर्रर्र करत 'सोनालीस' पर्यंत आलं आणि माझा मोबाईल वाजला. ह्यांचा फोन. "मंदा... आक्का गेली," एवढंच बोलले. सकाळी तिनंच मला एसटीत बसवून दिलं होतं, वर शेठ म्हणेल तो भाव देऊ नको म्हणून दमही दिला होता. दुपारी म्हशीला पाणी दाखवून आली, ओसरीवर टेकली, ती उठलीच नाही.

मशीन थांबलं होतं. शेठनं पाणी पुढं केलं. नाव घालणारा माणूस बिचारा चाचरत म्हणाला, "ताई, आत्याच्या आधी कैलासवासी घालू का?" मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्याच्यावर एकदम खेकसलेच. "काही नको. ती जिवंत असताना घालायला आलेय मी. आत्याकडून, एवढंच घाला." शेठ म्हणाले, तुम्ही निघा, तांब्या मी सांभाळून ठेवतो. एसटीत बसले, आणि मग रडू आलं.

लोकांना वाटायचं, नणंद घरात म्हणजे आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असणार. तसं भांडलोही आम्ही भरपूर. आमटीत गूळ किती घालायचा इथपासून सोनालीला कुठल्या शाळेत घालायचं इथपर्यंत. पण मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मला न्हाऊ घातलं ते तिनं, बाळंतपण काढलं ते तिनं, आणि सोनाली 'आई' म्हणायच्या आधी 'आत्ता, आत्ता' करायला लागली तेव्हा रागानं दोन दिवस फुगून बसले तीही मीच.

तिची गोष्ट घरात कुणी सांगायचं नाही. मला ती तुकड्यातुकड्यानं कळली. लग्न होऊन जुन्नरच्या पलीकडच्या एका गावात गेली होती. नवरा मुंबईला कामाला. पंचमीच्या सणाला तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून आमचे हे गेले, मिसरूड फुटायचं होतं तेव्हा. बहीण-भाऊ हसत-खिदळत एसटीनं घरी आले. सण झाला. परत न्यायला सासरहून कुणी यायचं, ते आलंच नाही. नवऱ्यानं मुंबईत दुसरी बाई केली होती. वर्षभरानं एके दिवशी आक्काची लग्नातली ट्रंक आली, एसटीच्या टपावर टाकून, सुंभानं बांधलेली, सोबत माणूस नाही की निरोप नाही. कंडक्टरनं फाट्यावर उतरवून दिली. आक्कानं ती न सोडता तशीच माळ्यावर चढवली. माझ्या सासूबाई, म्हणजे तिची आई, सोड म्हणाल्या, तर म्हणाली, "राहू दे बांधलेली. कोण आलं न्यायला तर परत बांधाया नगं." पंधराएक वर्षं ती ट्रंक वर होती. दिवाळीला घर सारवताना मी माळा झाडायचे, पण ट्रंकेच्या भोवतीनं.

सोनाली शाळेत जायला लागली त्या सुमारास ह्यांनी डेक आणला. दोन मोठे लाकडी स्पीकर, पुढं काळी जाळी. पुढच्या खोलीत प्लग एकच, तो माळ्याखालच्या भिंतीला. म्हणून सगळा संसार तिथंच मांडला. हौस ह्यांची, पण वेड लागलं ते आक्काला. तिला पखवाज लागायचा. दुपारी कांदे निवडायला बसली की म्हणायची, मंदे, ती पखवाजाची कॅसेट घाल, आणि जरा मोठ्यानं लाव, नुसतं कुजबुजतंय काय! आणि पखवाजाचा 'धुम्' पडला की डाव्या स्पीकरमधून आवाज यायचा, खर्रर्र... प्रत्येक 'धुम्'ला. गाणं बाईचं असलं, वरच्या सुरातलं, तर काही नाही. ठेका खाली उतरला की खर्रर्र. दाताखाली खडा यावा तसं व्हायचं.

मग ह्यांचं सुरू झालं. आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू उघडल्याशिवाय झोप येत नाही. आधी जाळी काढली. आतल्या कागदी पडद्याला बोटांनी हळूच आत दाबून बघितलं, कुठं घासतोय का. घासत नव्हता. स्क्रू आवळले. आतली वायर पडद्याला लागतेय म्हणून ती चिकटपट्टीनं बाजूला केली. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून खोक्याखाली पायाला लावले. लोक येऊन सल्ले देत होते ते वेगळेच. कुणी म्हणे उंदीर शिरला असेल, कुणी म्हणे लाईटच कमी येतेय. शेवटी ह्यांनी स्पीकर पोत्यात घातला आणि एसटीनं जुन्नरला नेला. तिथल्या रिपेरीवाल्यानं लावून दाखवला, लख्ख आवाज. घरी आणला, लावला, खर्रर्र. परत नेला. त्यानं पडद्याची कड उचकटून नवीन चिकटवली. घरी आणला, पुन्हा तेच. मी म्हटलं, ह्या स्पीकरला जुन्नरची हवा मानवते, तिथंच भाड्यानं खोली घेऊन द्या त्याला.

एका रविवारी ह्यांनी डोकं चालवलं. डावा स्पीकर उजवीकडं ठेवला, उजवा डावीकडं. म्हणजे खोट स्पीकरात असेल तर आवाजही त्याच्याबरोबर उजवीकडं जायला पाहिजे. कॅसेट लावली. आवाज जागचा हलला नाही. चांगला म्हणवणारा स्पीकर डावीकडं आल्यावर तिथंच खर्रर्र.  मग ह्यांनी एकदा मान वर करून माळ्याकडं बघितलं, आणि डेक बंद केला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काय नाय. जुन्नरला न्यायला लागंल परत." आणि खरंच घेऊन गेले! मला वाटलं ह्या माणसाचं डोकं फिरलं. चांगलं तोंडसुख घेतलं मी.

त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, हे पुन्हा स्पीकर पोत्यात भरत होते. आक्का कांदे निवडत बसली होती. हातातला कांदा खाली न ठेवताच म्हणाली,

"दत्तू, ठेव त्यो खाली. सपीकरला काय बी झाल्यालं न्हाई. माझी ट्रंक वाजती."

हे पोत्याची सुतळी धरून तसेच बसले. वर बघेनात, तिच्याकडं बघेनात.

"तुला ठावं हाय," आक्का म्हणाली. "मला बी ठावं हाय. किती येळा जाशील जुन्नरला? शिडी आण."

ट्रंक खाली आली. सुंभाची गाठ इतक्या वर्षांत दगड झालेली. आक्का नखांनी सोडवत बसली, सुटेना. मी विळा आणून जवळ ठेवला. तिनं तो बराच वेळ नुसता बघितला... आणि मग एका झटक्यात सुंभ कापलं. आत तिच्या लग्नातली भांडी, एका जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. तांब्यावर फुलपात्र उपडं घातलेलं होतं, पाहुण्याला पाणी देताना घालतो तसं. पखवाज घुमला की तेच थरथरत होतं. आक्का म्हणाली, "सासूनं भरलीया ही. ती असंच घालून ठिवायची." तिच्या आवाजात राग नव्हता. तांब्या घेऊन ती मोरीत गेली, चिंचेनं घासला, पाणी भरलं आणि पहिल्यांदा ह्यांच्या पुढं धरला. "घे, पानी पी. लई हेलपाटं घातलंस माझ्यापायी." आमचे हे, बैल मेला तरी डोळ्यातून टिपूस न काढणारा माणूस, फुलपात्र तोंडाला लावून हुंदके द्यायला लागले.

नंतर मी ह्यांना विचारलं, कळलं होतं तर बोलला का नाहीत? म्हणाले, "काय बोलू? आक्का, तुझी ट्रंक सोड, आता कोणी येत नाय तुला न्यायला, असं मी बोलू? मीच आणली व्हती तिला."

संध्याकाळी डेक लावला. पखवाज असा वाजला की बस्स. आक्का म्हणाली, बघ, आता कसं! भांडी सगळी मांडणीवर चढली, रोजच्या वापरात आली. रिकाम्या ट्रंकेत सोनालीची जुनी पुस्तकं गेली. आणि घरी कुणीही येवो, डेअरीचा माणूस असो की भीमाशंकरला जाणारे पाहुणे असोत, पाणी त्याच तांब्यातनं.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी तिचा दीर आला. मी त्याला ओळखलंही नाही. ओसरीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, दादा मुंबईहून परत आलाय, अंथरुणाला खिळलाय, ती बाई कधीच सोडून गेली. बघायला कोणी नाही. वहिनी, तुम्हाला न्यायला आलोय. आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता काहीतरी होणार. आक्कानं हातानंच त्यांना बसवलं. आत गेली, तांब्या भरून आणला, फुलपात्र काढून त्याच्या हातात दिलं. तो पाणी पिईपर्यंत थांबली. मग म्हणाली,

"लई उशीर केलासा, भाऊजी. ट्रंक सोडली मी."

त्याला काही कळलं नाही. आम्हा दोघांना कळलं. तिनं त्याला जेवू घातलं, भावाच्या पथ्याचं म्हणून घरचं तूप बांधून दिलं आणि फाट्यापर्यंत पोचवून आली. रात्री जेवली नाही एवढंच. सकाळी उठून पुन्हा म्हणाली, मंदे, कॅसेट लाव.

आता तिला जाऊन दीड महिना होत आला. सोनालीचं लग्न आम्ही दोन महिने पुढं ढकललं. मी शेठकडून तो तांब्या आणला. सोनालीनं हातात घेऊन नाव वाचलं, आणि म्हणाली, नवी ट्रंक घ्यायची नाही, मला आत्याचीच न्यायची आहे. मी आई आहे, मी नको म्हटलं. ज्या ट्रंकेला परत पाठवलं, तीच पोरीबरोबर द्यायची? बायका काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी बघते तर हे मागच्या अंगणात ट्रंकेला निळा रंग देत बसलेले. मग मीही म्हटलं, म्हणू देत काय म्हणायचं ते.

रंग वाळला. सोनालीची भांडी मी स्वतः भरली, आणि जागा नाही म्हणून हे ट्रंक माळ्यावर ठेवून आले. परवा दुपारी, आक्का गेल्यापासून पहिल्यांदाच, ह्यांनी डेक लावला. पखवाजाचा पहिला 'धुम्' पडला, आणि...

खर्रर्र.

आम्ही दोघांनी एकदमच वर माळ्याकडं बघितलं. तांब्यावर फुलपात्र उपडं घातलं होतं मी. आक्काची बघून बघून लागलेली सवय, हातानं आपोआप केलेलं. मी म्हटलं, थांबा, शिडी लावते, फडकं घालून येते मधे. ह्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली.

"राहू दे," म्हणाले. "ह्या ट्रंकेला न्यायला माणसं येणार हायेत. तवर वाजू दे."