गच्चीवरचा सागरी बुरूज

समुद्र आमच्या संभाजीनगरपासून दिवसभराच्या वाटेवर, आणि आमच्या ह्यांनी किनाऱ्यावरचा बुरूज बांधला गच्चीवर! निवृत्त झाल्यावर एकदाच कोकणात जाऊन आले. तिथं टेहळणीचे जुने बुरूज पाहिले आणि डोक्यात खूळ शिरलं ते शिरलंच.

"कशापायी पण?" मी विचारलं.

"अगं, टँकर लांबून दिसेल की!"

आमचं घर गल्लीच्या पार टोकाला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर आलं. माझे गुडघे गेलेले. दोन हंडे घेऊन मी पोचेपर्यंत टँकर रिकामा. वाटलं, चला, उशिरा का होईना, ह्यांना माझा कळवळा आला.

मग सुरू झाला छळ. शेजारच्या पाडलेल्या भिंतीचे काळे दगड वर चढले. शहागंजातून चुना आला. सिमेंट चालणार नाय म्हणे. खाऱ्या वाऱ्यात दगड झिजतो, चुना टिकतो. इथं कुठला मेला खारा वारा? चुना भिजवायला पिंप माझं, त्यात घालायला गूळही माझाच. भिंत खाली जाड, वर निमुळती, म्हणजे तोफेचा गोळा घसरून जातो. आमच्या गल्लीत तोफ कोण आणणार होतं, देव जाणे! दार तर पुरुषभर उंचीवर. पूर्वी पहारेकरी शिडीनं चढायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे, शत्रू आत शिरायला नको म्हणून. मी लई डोकं आपटलं, पण ऐकतील तर शपथ!

झाला एकदाचा बुरूज. टँकरच्या दिवशी हे सकाळीच वर जाऊन बसले. मी खाली दारात हंडे घेऊन उभी. आणि खोटं कशाला बोलू, टँकर ह्यांना पार चौकातच दिसला. आनंदाच्या भरात बेंबीच्या देठापासून ओरडले, "टँकर आलाऽऽ!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. धडाधड दारं उघडली. बाया, पोरं, सायकलला कॅन अडकवलेले बाप्ये, सगळे माझ्या पुढून पळाले. माझा नंबर लागला तेव्हा पाइपातून नुसती हवा येत होती.

मी परत आले तर हे वरूनच खूश. "पाहिलंस? पहारेकऱ्याचं काम हेच. सारं गाव सावध करायचं!"

रागानं माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अहो," मी खालूनच ओरडले, "मला पहारेकरी नको होता. दुसरा हंडा धरणारं माणूस हवं होतं."